लोकर, ओक आणि लोखंड : व्हायकिंग जीवनाची पुनर्निर्मिती

व्हायकिंगांनी स्वतःविषयी फार थोडे लिहून ठेवले. दगडांवर कोरलेले रूनी लिपीतले लेख आहेत, पण ते बहुतेक दोन-चार ओळींचे. कोणी कोणाच्या स्मरणार्थ दगड उभारला, एवढे सांगून थांबणारे. इ.स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिस्फार्न मठावर झालेल्या हल्ल्यापासून १०६६ पर्यंतचा काळ व्हायकिंग युग मानला जातो. त्या काळाविषयीच्या आइसलँडी सागा बहुतांशी तेराव्या शतकात, म्हणजे दोन-तीनशे वर्षांनी लिहिल्या गेल्या. समकालीन इतिवृत्ते लिहिणारे ख्रिस्ती भिक्षू तर या लोकांचे बळी होते. घर कसे उभारत, शीड कशाचे शिवत, एका अंगरख्याला किती सूत लागे, यांविषयी या साऱ्या लेखनात जवळजवळ काही सापडत नाही. ती माहिती मातीतून, खाडीच्या गाळातून आणि थडग्यांतून निघालेल्या वस्तूंत दडलेली आहे. वस्तू बोलत्या करायच्या तर त्या पुन्हा बनवून आणि वापरून पाहाव्या लागतात. गेल्या सव्वाशे वर्षांत युरोपात या कामाची मोठी परंपरा उभी राहिली. तिच्यात संग्रहालये आणि विद्यापीठे आहेत, सुतार-लोहार-विणकर आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकरी कपडे घालून तंबूत राहणारे हजारो हौशी लोकही आहेत.

मध्ययुग पुन्हा जगून पाहण्याची हौस शास्त्राच्या आधी आली. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये एग्लिंटनच्या तेराव्या अर्लने आपल्या वाड्याच्या आवारात घोडेस्वारांच्या भालेझुंजींचा जंगी सोहळा भरवला. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीने त्या पिढीला मध्ययुगाचे वेड लावले होते. चिलखते जमवली गेली, तालमी झाल्या, लाखभर माणसे पाहायला लोटली असा अंदाज आहे; आणि मुसळधार पावसाने पहिल्याच दिवशी सगळ्याचा चिखल केला. हा सोहळा पुराव्यावर नव्हे, कादंबरीवर उभा होता. व्हायकिंगांच्या बाबतीत कल्पनेने याहून अधिक धुमाकूळ घातला. रिखार्ड वाग्नरच्या ‘रिंग’ या संगीतनाट्यमालिकेचा पहिला संपूर्ण प्रयोग १८७६ मध्ये बायरॉइट येथे झाला. त्यासाठी कार्ल एमिल डॉप्लरने केलेल्या वेशभूषेत काही शिरस्त्राणांना शिंगे होती, आणि ती शिंगे पुढे चित्रांत, जाहिरातींत व मुलांच्या पुस्तकांत कायमची जाऊन बसली. व्हायकिंग काळातले शिंगांचे एकही शिरस्त्राण आजवर सापडलेले नाही. नॉर्वेतील येर्मुंदबू येथे १९४३ मध्ये मिळालेले दहाव्या शतकातले शिरस्त्राण साधे, गोल आणि लोखंडी आहे. डोळ्यांभोवती व नाकावर संरक्षणाची पट्टी, एवढाच त्याचा थाट.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती जहाजांमुळे. १८८० मध्ये नॉर्वेतील गोक्स्टाड येथे एका मोठ्या टेकाडाखाली ओक लाकडाचे सुमारे २३ मीटर लांबीचे जहाज सापडले. नवव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या जहाजात एका वजनदार माणसाचे दफन केलेले होते आणि चिकणमातीने लाकूड हजार वर्षे टिकवले होते. दोन्ही बाजूंना मिळून बत्तीस वल्ह्यांची भोके होती, बरोबर चौसष्ट ढाली होत्या. इतके सडपातळ, उथळ जहाज खुल्या महासागरात टिकले असते का, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. कागदावरच्या वादाने त्याचा निकाल लागेना. तेव्हा माग्नुस आंदर्सन नावाच्या नॉर्वेजियन कप्तानाने त्याच मापाचे जहाज बांधून घेतले, त्याला ‘व्हायकिंग’ असेच नाव दिले आणि ३० एप्रिल १८९३ रोजी बर्गनहून ते अटलांटिकमध्ये घातले. सुमारे चार आठवड्यांत ते न्यूफाउंडलंडला पोहोचले. वाटेतल्या वादळात जहाजाचा काठ सहा इंचांपर्यंत पिळवटला जात होता, तरी फळ्यांमधून पाणी शिरले नाही. ही लवचीकता हा बांधणीतला दोष नसून तिचे मर्म आहे, हे या प्रवासाने सिद्ध केले.

आंदर्सनचे जहाज पुढे शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेले. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाल्याचा तो उत्सव होता, आणि कोलंबसाच्या आधी नॉर्डिक लोक अमेरिकेला पोहोचू शकत होते हे नेमके तिथेच दाखवून देण्याचा नॉर्वेजियनांचा हेतू होता. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरमध्ये भरलेली सर्वधर्म परिषद स्वामी विवेकानंदांमुळे मराठी वाचकाला परिचित आहे. आंदर्सनने सिद्ध केली ती केवळ शक्यता. प्रत्यक्ष पुरावा १९६० मध्ये न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला लांस-ओ-मेडोज येथे नॉर्डिक वसाहतीच्या अवशेषांच्या रूपाने हाती आला.

दुसरे जहाज नॉर्वेतल्याच ओसेबर्गचे. १९०४-०५ मध्ये उकरून काढलेले हे जहाज ८२० च्या सुमारास बांधलेले होते. ८३४ मध्ये त्यात दोन स्त्रियांचे दफन झाले. त्यांच्याबरोबर कोरीव गाडा, घसरगाड्या, पलंग, भांडी, विणकामाची साधने आणि कापड ठेवलेले होते. जहाजाची नाळ सापासारखी वळवलेली आणि अप्रतिम कोरीव आहे. या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती १९८७ मध्ये पाण्यात उतरली आणि पुढच्याच वर्षी बुडाली. अनेकांनी निष्कर्ष काढला की ओसेबर्गचे जहाज शोभेचे, फार तर शांत खाडीत फिरण्यापुरते असावे. पण दोष मूळ सुतारांचा नव्हता. टेकाडाच्या भाराखाली चेपून तुकडे तुकडे झालेले लाकूड विसाव्या शतकाच्या आरंभी जोडताना जहाजाचा पुढचा भाग असावा त्यापेक्षा अरुंद झाला होता, आणि प्रतिकृतीने ती चूक इमाने इतबारे उचलली होती. पुढे प्रत्येक तुकडा नव्याने मोजला गेला, लाकडाच्या वाकड्या झालेल्या फळ्यांचा मूळ आकार शोधला गेला. त्यावरून बांधलेले ‘सागा ओसेबर्ग’ २०१२ मध्ये तोन्सबर्ग येथे पाण्यात उतरले आणि शिडावर उत्तम चालले. बुडालेल्या जहाजाने इथे संशोधनाला जेवढी दिशा दिली तेवढी क्वचितच एखाद्या यशस्वी प्रयोगाने दिली असेल.

गोक्स्टाड आणि ओसेबर्ग ही बड्यांची जहाजे. सामान्य व्यापाऱ्याचे, कोळ्याचे, सैनिकाचे जहाज कसे होते ते कळले डेन्मार्कमधल्या स्कुल्डेलेव्हमुळे. १०७० च्या सुमारास रोस्किल्ड शहराकडे येणाऱ्या समुद्रमार्गात शत्रूला अडवण्यासाठी जुनी जहाजे दगड भरून बुडवण्यात आली होती. १९६२ मध्ये ओलाफ ओल्सन आणि ओले क्रुमलिन-पेडरसन यांनी त्या जागेभोवती बांध घातला, पाणी उपसले आणि चार महिन्यांत पाच जहाजे हजारो तुकड्यांत बाहेर काढली. एक महासागरी मालवाहू, एक किनाऱ्याचे छोटे मालवाहू, एक लहान व एक लांबलचक युद्धनौका आणि एक बहुधा मासेमारीची होडी, असा तो संच होता. १९६९ मध्ये रोस्किल्डला त्यांच्यासाठी संग्रहालय उघडले. १९८० च्या दशकापासून तिथल्या नौकाबांधणीच्या अंगणात पाचही जहाजे एकामागून एक पुन्हा घडवली गेली.

या अंगणात जे शिकायला मिळाले त्याचा आरंभ झाडापासून होतो. फ्रान्समधल्या बाये येथील अकराव्या शतकातल्या भरतकामाच्या लांब पट्टीवर जहाजबांधणीचा प्रसंग आहे. त्यात कुऱ्हाडी दिसतात, करवत दिसत नाही. उत्खननातल्या फळ्यांवरही कुऱ्हाडीचेच घाव आहेत. म्हणून रोस्किल्डच्या सुतारांनी ओकचा बुंधा पाचरी ठोकून आधी दोन, मग चार, आठ, सोळा अशा भागांत उभा फोडला. प्रत्येक चिरफळीची मग कुऱ्हाडीने तासून फळी केली. करवत लाकडाचे तंतू आडवे कापत जाते; पाचर मात्र तंतूंच्या वाटेनेच जाते. त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटर जाडीची फळीही पिळली तरी मोडत नाही. लाकूड वाळवून नव्हे, ओलेच वापरायचे, कारण ओला ओक तासायला आणि वाकवायला सोपा. फळ्यांचे काठ एकमेकींवर चढवून लोखंडी रिव्हेटने जोडायचे, मध्ये डांबरात बुडवलेली लोकर किंवा केस भरायचे, आणि आधी कवच पुरे करून मग आतले आडवे वासे बसवायचे. कोकणातल्या गलबतांच्या कारागिराला यातल्या कित्येक अडचणी ओळखीच्या वाटतील.

इथे एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. सगळे उत्तर पुराव्यात नव्हते. काठावर काठ चढवून होड्या बांधण्याची रीत नॉर्वेच्या किनाऱ्यावर कधी तुटलीच नव्हती, आणि चौकोनी शिडाच्या होड्या तिथे विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत मासेमारीला जात होत्या. शिडाच्या दोऱ्या कशा बांधायच्या, वाऱ्याच्या तिरकस दिशेला जहाज कसे घालायचे, हे पुरातत्त्वज्ञ शिकले ते या कोळ्यांच्या नातवंडांकडून. व्हायकिंग जहाजांची पुनर्निर्मिती यशस्वी झाली याचे मोठे कारण हे आहे. जिथे अशी जिवंत परंपरा नाही, तिथे अंदाज फार वेळा फसतात.

स्कुल्डेलेव्हची लांब युद्धनौका सर्वांत अवघड. तिचा जेमतेम पाव भाग हाती आला होता. ओकच्या वर्षवलयांवरून कळले की तिचे लाकूड आयर्लंडमधले असून ती १०४२ मध्ये डब्लिन येथे बांधली गेली. सुमारे तीस मीटर लांब, साठ वल्ह्यांची ही नौका पुन्हा बांधून २००४ मध्ये पाण्यात उतरवण्यात आली आणि ग्लेंडालॉच या आयरिश खोऱ्यावरून तिचे नाव ‘हावहिंगस्टेन फ्रा ग्लेंडालॉच’ (ग्लेंडालॉचचा समुद्र-वारू) असे ठेवले गेले. १ जुलै २००७ रोजी साठहून अधिक स्वयंसेवक खलाशांनी तिला रोस्किल्डहून बाहेर काढले आणि १४ ऑगस्टला ती डब्लिनला, आपल्या मूळ जन्मगावी पोहोचली. पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली. प्रवासात उत्तर समुद्राच्या काही भागात वारा न मिळाल्याने तिला दुसऱ्या जहाजाने ओढावे लागले, आणि ही गोष्ट लपवली गेली नाही. उघड्या जहाजात, अंग पसरायलाही जागा नसताना, ओल्या लोकरीत रात्र काढणे म्हणजे काय हे या साठ लोकांना समजले. अशा जहाजावर वेगाइतकेच महत्त्व वाट पाहण्याच्या सहनशक्तीला होते, हा त्यांच्या अनुभवाचा सर्वांत मोलाचा भाग.

जहाजाविषयी एवढे बोलले जाते, पण जहाज वल्ह्यांवर नव्हे, शिडावर समुद्र ओलांडे. आणि शीड हे स्त्रियांचे काम होते. पुनर्निर्मितीने इतिहासाला दिलेले सर्वांत मोठे ज्ञान इथे आहे. शीड बहुधा लोकरीचे असे. नॉर्वेच्या उत्तरेकडील त्रोन्देनेस येथील मध्ययुगीन चर्चच्या छपरात फटी बुजवायला कोंबलेल्या जुन्या लोकरी कापडात शिडाचे तुकडे ओळखले गेले आणि या अंदाजाला आधार मिळाला. मग प्रश्न आला : लोकरीच्या शिडातून वारा निसटत नाही का? पाणी पिऊन ते जड होत नाही का? उत्तर मेंढीपासून शोधावे लागले. उत्तरेकडच्या जुन्या, आखूड शेपटीच्या मेंढीला दोन प्रकारची लोकर असते : बाहेरचे लांब, राठ, तेलकट केस आणि आतली मऊ लव. उन्हाळ्याच्या तोंडी ही लोकर हातानेच ओढून काढता येते. लांब केस विंचरून, घट्ट पीळ देऊन ताण्याचे सूत काढायचे. मऊ लोकरीला सैल पीळ देऊन बाण्याचे. विणल्यावर कापडाला चरबी, गेरू आणि पाइनचे डांबर यांचे मिश्रण चोळायचे, म्हणजे विणीतली छिद्रे बुजतात. अशी शिडे रोस्किल्डच्या जहाजांवर चढली आणि वर्षानुवर्षे चालली.

आता श्रमांचा हिशोब पाहावा. मालवाहू जहाजाचे शीड नव्वद चौरस मीटरचे धरले आणि एका सेंटिमीटरमध्ये ताण्याचे आठ व बाण्याचे पाच दोरे धरले, तर एका चौरस मीटरला तेराशे मीटर, म्हणजे संपूर्ण शिडाला ११७ किलोमीटर सूत लागते. टकळीवर सराईत हात तासाला चाळीस-पन्नास मीटर सूत काढतो. दिवसाचे दहा तास नुसते कातत राहिले तरी एका बाईला आठ ते दहा महिने लागतील. लोकर काढणे, निवडणे, विंचरणे आणि विणणे यांचा वेळ यात धरलेलाच नाही. सगळे मिळून एका मोठ्या शिडाला एका व्यक्तीची चार-पाच वर्षे लागत, असा अंदाज प्रयोगांवरून काढला जातो. याउलट जहाजाचे लाकूडकाम कसबी सुतारांची टोळी एका हंगामात पुरे करू शके. एखाद्या राजाच्या शंभर जहाजांच्या ताफ्यामागे किती घरांतल्या किती टकळ्या फिरत असतील, हा विचार या प्रयोगांच्या आधी फारशा इतिहासकारांच्या मनात ठळकपणे आलेला नव्हता. व्हायकिंग आक्रमणांच्या खर्चात लोकर हा मोठा आकडा आहे, आणि तो सागांमध्ये नाही.

कातण्याचे प्रयोग कोपनहेगनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या वस्त्र-संशोधन केंद्राने आणि डेन्मार्कमधल्याच लाइरे येथील प्रयोगकेंद्राने फार काटेकोरपणे केले. टकळीच्या चकतीचे वजन बदलले की सुताची जाडी बदलते. हलक्या चकतीने बारीक, जड चकतीने जाड. त्यामुळे वस्तीत सापडलेल्या मातीच्या आणि दगडाच्या चकत्या नुसत्या मोजल्या तरी तिथे कोणत्या प्रतीचे कापड निघत होते हे सांगता येऊ लागले. उभ्या मागाला टांगलेल्या मातीच्या वजनांचेही तसेच. ज्या वस्तू पूर्वी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पेट्यांत पडून असत, त्यांच्याकडे आता हिशोबाच्या वह्यांसारखे पाहिले जाते.

कपड्यांचा आकार मात्र अजून वादाचाच आहे. स्वीडनमधल्या बिर्का येथे यालमार स्टोल्पेने एकोणिसाव्या शतकात सुमारे अकराशे थडगी उकरली. कापड जमिनीत कुजते, पण स्त्रियांच्या खांद्यांवरच्या लंबगोल पितळी-कांस्य ब्रूचच्या गंजाने त्याला चिकटलेले बोटभर कापड तेवढे वाचवले. अशा तुकड्यांचा अभ्यास आग्नेस गाइयर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. हेडेबी या व्हायकिंग व्यापारी बंदरात जहाजांच्या फटी बुजवायला डांबरात बुडवलेल्या चिंध्या मिळाल्या, त्यांत कापलेल्या-शिवलेल्या कपड्यांचे मोठे तुकडे आहेत. खांद्याला पट्ट्यांनी अडकवायचा स्त्रियांचा वरचा पोशाख गुंडाळलेला होता की नळीसारखा शिवलेला, यावर या तुकड्यांवरून अनेक मते मांडली गेली. पेहराव घालून लाकूड फोडले, मूल कडेवर घेतले, वाकून चूल पेटवली, की काही मते आपोआप बाद होतात. रंगांचे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कने दिले. तिथल्या कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात मंजिष्ठेच्या कुळातली लाल रंगाची वनस्पती आणि निळीचेच रंगद्रव्य देणारी वोड ही वनस्पती मिळाली. एकाच सुईने गाठींची साखळी घालत विणलेला लोकरी मोजाही तिथेच मिळाला. त्या विणीची रीत आज हजारो हौशी लोकांनी हातात बसवली आहे. राखाडी, मातकट व्हायकिंगांची चित्रपटातली प्रतिमा पुराव्याला धरून नाही. त्यांना भडक रंग आवडत.

इतर कारागिरीचा उल्लेख थोडक्यात पुरे. गॉटलंड बेटावर मास्तरमिर येथे १९३६ मध्ये नांगराला अडकलेल्या ओकच्या पेटीत लोहार-सुताराची दोनशेहून अधिक अवजारे निघाली, आणि आज व्हायकिंग पद्धतीने काम करणारे अनेक कारागीर तिच्यातल्या मापांवरून आपली अवजारे घडवतात. डेन्मार्कमधल्या रीबे येथे आठव्या शतकाच्या बाजारपेठेत काचमणी बनवणाऱ्यांच्या जागा सापडल्या. रोमन काळातल्या भिंतींवरचे रंगीत काचतुकडे वितळवून ते मणी बनवत. हरणाच्या शिंगांपासून फण्या बनवणे हा उत्तरेतला मोठा धंदा होता. या धंद्यांची कसबे आता बऱ्यापैकी उलगडली आहेत.

घरांच्या बाबतीत पुनर्निर्मितीने आधी चूक केली आणि मग ती दुरुस्तही केली. डेन्मार्कमधल्या ट्रेलेबर्ग या वर्तुळाकार किल्ल्यातील लांब घर १९४२ मध्ये पुन्हा उभारले गेले. भिंतीबाहेर खांबांच्या खळग्यांची एक रांग मिळाली होती, म्हणून घराभोवती पडवी बांधली गेली. पुढे कळले की ते खळगे तिरके होते. बाहेरून भिंतीला रेटा देणारे ते टेकू होते. १९८५ मध्ये फुर्काट येथे उभारलेल्या घरात तिरके टेकू आले आणि पडवी गेली. ट्रेलेबर्गचे जुने घर मात्र मोडले गेले नाही, हे योग्यच झाले. विचार कसा बदलला हे दाखवणारी ती वास्तू स्वतःच आता इतिहास आहे. उत्तर नॉर्वेतल्या बोर्ग येथे ८३ मीटर लांबीच्या सरदारगृहाचे अवशेष सापडले, आणि त्याची पुनर्रचना १९९५ पासून लोकांना पाहता येते.

१९६४ मध्ये हान्स-ओले हान्सन यांनी लाइरे येथे सुरू केलेल्या केंद्राने घराचा अभ्यास त्याच्या मृत्यूपर्यंत नेला. १९६७ मध्ये तिथे बांधलेले एक घर मुद्दाम जाळण्यात आले. पंचवीस वर्षे राख जमिनीत राहू दिली आणि १९९२ मध्ये पुरातत्त्वाच्या पद्धतीने त्या जागेचे उत्खनन झाले, म्हणजे जळलेल्या घराचा पुरावा जमिनीत कसा उरतो हे कळावे. तिथेच १९७० पासून कुटुंबे उन्हाळ्यात लोहयुगातल्या घरांत राहू लागली. अशा राहण्यातून एक गंभीर गोष्ट पुढे आली. डेन्मार्कमधल्या दोन पुनर्रचित व्हायकिंग घरांत पेटत्या आगट्यांभोवती हवा मोजली, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कणांचे प्रमाण आजच्या आरोग्यमर्यादांच्या कितीतरी वर निघाले. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिवाळाभर घरात राहून कातणाऱ्या-शिजवणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्या फुप्फुसांवर धुराचा किती भार पडत असेल, हे लाकडाच्या चुलीपुढे बसलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

हौशी मंडळांचा विस्तार याच काळात झाला. अमेरिकेत १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगीन वेशातल्या झुंजींची मेजवानी झाली आणि तिच्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ जन्मली. त्या संस्थेत वेताच्या तलवारींनी लढतात. ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये व्हायकिंगांना वाहिलेले मंडळ निघाले आणि १९८६ मध्ये ‘रेजिया अँग्लोरम’. या दुसऱ्या मंडळाने पुराव्याबाबत कडक शिस्त ठेवली आणि केंटमध्ये लाकडी सभागृह स्वतःच्या हातांनी उभारले. डेन्मार्कमध्ये ऑर्हूसजवळ मोस्गार्डच्या किनाऱ्यावर १९७७ पासून व्हायकिंग मेळा भरतो. पोलंडमधल्या वोलिन बेटावर दर उन्हाळ्यात अनेक देशांतले लोक जमतात. चांगल्या मंडळात शिरणाऱ्याला आपल्या पेहरावाची प्रत्येक वस्तू कुठल्या उत्खननातल्या कुठल्या वस्तूवरून घेतली ते सांगता यावे लागते. घड्याळ आणि प्लास्टिकची बाटली तंबूच्या आत राहते.

प्रेक्षकांना आवडते ती लढाई. तलवारींना धार नसते, टोक बोथट असते, अंगावर कुठे मारायचे याचे नियम ठरलेले असतात. या मर्यादांमुळे खोट्या लढाईतून खऱ्या रणाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मरणाचे भय नसलेला माणूस वेगळ्या रीतीने लढतो. तरी ढालीविषयी उपयोगी गोष्ट कळली. गोक्स्टाडच्या ढाली पाइनच्या, एक सेंटिमीटरहूनही कमी जाडीच्या होत्या. अशी ढाल घाव अंगावर घेत उभी राहायला टिकत नाही. ती पुढे करून शत्रूचे शस्त्र वळवायला, बाजूला सारायला वापरावी लागते. पण एकूणात लढाईच्या खेळांपेक्षा टकळी आणि कुऱ्हाड यांनी इतिहासाला अधिक दिले, हे मान्य करावे लागते.

या परंपरेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९३० च्या दशकात नाझींनी उत्तरेचा भूतकाळ आपल्या वंशवादासाठी वापरला. हेडेबीचे उत्खनन हिमलरच्या एसएस संघटनेच्या छायेत चालले, आणि नॉर्वेतल्या क्विसलिंगच्या पक्षाने बोर्रे येथील प्राचीन दफन-टेकाडांवर मेळावे भरवले. आजही काही अतिरेकी गट रूनी अक्षरे आणि थॉर देवाचा हातोडा यांवर हक्क सांगतात. अनेक मंडळांनी अशा लोकांना दार बंद केले आहे. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. व्हायकिंग समाज गुलामांच्या श्रमावर आणि गुलामांच्या व्यापारावर चालत होता. आयर्लंडच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून नेत. मेळ्यात मात्र प्रत्येकाला योद्धा, व्यापारी किंवा कारागीर व्हायचे असते. शेणाच्या पाट्या वाहणारा, नाव नसलेला माणूस तिथे क्वचितच दिसतो, आणि त्याच्यावाचून ते जीवन पुरे होत नाही.

मध्ययुगाच्या इतर शाखांतही हीच पद्धत पसरली. फ्रान्समधल्या बर्गंडीत गेदेलों येथे १९९७ मध्ये मिशेल गीयो यांनी तेराव्या शतकातल्या साधनांनी एक किल्ला बांधायला घेतला. दगड तिथेच फोडायचा, चुना तिथेच भाजायचा, लाकूड कुऱ्हाडीने तासायचे. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दामचे छत जळाले, तेव्हा ओकच्या तुळया हाताने तासणारे सुतार हवे होते. गेदेलोंमध्ये तयार झालेले हात त्यावेळी कामी आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले. भारतातही अशी एक नौका झाली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ‘कौंडिण्य’ बांधली. मे २०२५ मध्ये ती कारवार येथे नौदलात दाखल झाली आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. तिलाही चौकोनी शिडे आणि सुकाण्याच्या जागी वल्ही आहेत, त्यामुळे नौसैनिकांना ती चालवण्याची रीत नव्याने बसवावी लागली. फरक एवढाच की रोस्किल्डजवळ खऱ्या जहाजांचे लाकूड होते. इथे हाताशी होते केवळ चित्र आणि पश्चिम किनाऱ्यावर अजून थोडीफार जिवंत असलेली शिवण्याची कला.

डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने काठावर काठ चढवून बांधायच्या नॉर्डिक होड्यांची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. हे कसब कोणाकडे सोपवायचे, हा आता या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे. रोस्किल्डचे पहिले पुनर्निर्मित जहाज ‘रोआर एगे’ १९८४ मध्ये पाण्यात उतरले होते. बत्तीस वर्षे चालल्यावर २०१६ मध्ये ते निवृत्त झाले. त्याचे मूळ जहाज १०४० च्या सुमारास बांधून तीसेक वर्षांनी बुडवले गेले होते, म्हणजे अशा जहाजाचे आयुष्य किती याचे उत्तरही प्रत्यक्ष वापरातून मिळाले. त्याच मूळ जहाजावरून, तीच कुऱ्हाड वापरून तिथल्या सुतारांनी पुन्हा एक नौका बांधली. ‘एस्ट्रिड ब्युर्डिंग’ नावाची ही नौका २०२२ मध्ये पाण्यात उतरली.